ताक आणि टेकू

भूकंप झाला तशी माधवराव गुरुजींनी घरावरची सगळी माती उतरवली आणि हलके पत्रे घातले. पण त्या पत्र्याखाली स्वतः काही झोपले नाहीत. त्यांची खाट अंगणात गेली ती गेलीच, मच्छरदाणीसकट. पावसाळ्यात वर ताडपत्री यायची, एवढाच फरक. लातूरच्या त्या गल्लीत लोक पत्ताच सांगायचे, "खाटवाल्या गुरुजींच्या म्होरं."

लताबाईंना त्या खाटेची लाज वाटायची. "उद्या जावई आला तर सासरा कुठं? अंगणात, राखणदारावानी!"

"जीव हाय तर जावई हाय," गुरुजी म्हणायचे.

मग गल्लीत क्लासेस आले. बारावीच्या पोरांनी लातूर असं भरलं, की लोक न्हाणीला खिडकी पाडून ती 'रूम' म्हणून देऊ लागले. लताबाईंनी वर माळ्याकडं पाहिलं. परक्याची लेकरं आपल्या पत्र्याखाली झोपली तर गुरुजींना लाजेकाजेनं आत यावंच लागेल, असा त्यांचा डाव होता.

माळा ऐसपैस होता. अडचण एकच. छप्पर पेलणाऱ्या कैचीचं आडवं लाकूड माळ्याच्या मधोमध छातीच्या उंचीवर आलेलं.

"काढून टाकू की," ग्यानोबा मिस्त्री म्हणाला. "ते नुसतं शोभेचं हाय, गुर्जी."

शोभेचं लाकूड निघालं आणि छप्पर कण्हलं. दमलेला बैल बसावा तसं मधोमध बसायला लागलं.

"शोभा लई वजन पेलत होती म्हणायची," लताबाई म्हणाल्या.

ग्यानोबानं धावत जाऊन माळ्यावर जाड लाकडी बल्लीचा टेकू दिला. त्याच्याखालच्या फळ्या वाकल्या. म्हणून खाली स्वयंपाकघरात दुसरा टेकू दिला, बरोबर पहिल्याच्या खाली. तो नेमका ओट्यासमोर. आता मिठाच्या बरणीपर्यंत जायचं तरी टेकूला वळसा. "देवळात जायची गरज न्हाई," लताबाई म्हणाल्या. "घरातच प्रदक्षिणा घडून राहिली."

पण बाई हुशार. माहेरी, अर्धापूरला, ताक घुसळायला खांब होता. इथं तो इतकी वर्षं नव्हता. त्यांनी टेकूला रवी अडकवली, दोरी गुंडाळली आणि खूश झाल्या.

निलंग्याचे अण्णाराव लेकीसाठी खोली बघायला आले. सोबत लेक आरती. अण्णारावांनी पंखा पाहिला नाही, नळ पाहिला नाही. माळ्यावर चढले आणि सरळ वर पाहत राहिले. मग टेकूवर थाप मारली.

"पक्कं हाय का, गुर्जी?"

"पक्कं? अहो, डोंगर हाय डोंगर!"

तेवढ्यात खाली लताबाईंनी पाहुण्यांसाठी त्या टेकूवर पहिल्यांदाच ताक घुसळायला घेतलं. दोरी ओढली तसा खालचा टेकू हलला, खालच्यानं वरचा हलवला, आणि वरच्यानं अख्खं छप्पर. पत्रे खडखडखड वाजू लागले.

"भूकंप!" डोंगर म्हणणारे गुरुजी ओरडले आणि सगळ्यांच्या आधी अंगणात पोचले. जिन्यानं की खिडकीतून, ते त्यांना आजही सांगता येत नाही. समोरचा क्लास रिकामा झाला. सर खडूसकट पोरांच्या पुढं पळाले. बघता बघता गल्ली रस्त्यावर.

"चार रिश्टरचा असंल."

"चार? साडेपाचला कमी न्हाई! आपल्या पायाला कळतंय."

तेवढ्यात लताबाई ताट घेऊन बाहेर आल्या. "अगं बाई, सगळेच भाईर? मी तर चारच पेले आणले."

आरतीनं पेल्यांकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं. "काकू, तुमी आता ताक घुसळत होता?"

"हाव. का?"

साडेपाचवाला मुकाट घरी गेला. सरांनी पोरांना आत हाकललं. गुरुजी मान खाली घालून उभे. खोली गेली, आणि तिच्याबरोबर आपला डावही गेला, असं लताबाईंना वाटलं.

अण्णारावांनी ताक संपवलं, मिशा पुसल्या. "गुर्जी, वर रिकाम्या खाचा दिसल्या मला. ते आडवं लाकूड आधी परत बसवा. पोरगी वाकून जाईल. वाकल्यानं कुणी मरत न्हाई. टेकू बी ऱ्हाऊ द्या. मग खोली आमची."

ग्यानोबानं दिवस मावळायच्या आत शोभा परत बसवली.

"आन् पोरगी रुळंस्तवर मी बी हितंच ऱ्हातो," अण्णाराव म्हणाले.

"ऱ्हावा की. आत गादी घालते."

अण्णारावांचा चेहरा उतरला. "न्हाई वहिनी, आत नगं. पोरीला भ्या न्हाई. पण त्या भूकंपापासून मला छपराखाली डोळाच लागत न्हाई बघा." त्यांची नजर फिरत फिरत मच्छरदाणीवर थांबली. "ही खाट कुणाची?"

गुरुजींनी तोंड उघडलं. लताबाईंचं आधी उघडलं.

"पाव्हण्यांचीच! आमचे हे आतच झोपतात. काय हो?"

आरती गुरुजींकडं टक लावून बघत होती. तिला याच छपराखाली झोपायचं होतं.

"हाव," गुरुजी म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांचा वर्गात कुणी कधी ऐकला नव्हता.

पहाटे पत्रे खडखडले. आडवं लाकूड बसल्यानं जरा कमी, पण खडखडले. गुरुजी पांघरुणासकट अंगणात. खाट भरलेली होती. मच्छरदाणीत अण्णाराव निवांत घोरत होते.

माळ्यावरून आरतीचा आवाज आला, "गुर्जी, ताक हाय. झोपा."

गुरुजी आत आले. लताबाईंनी दोरी न थांबवता विचारलं, "पाव्हणे उठले का हो?"

"न्हाई." गुरुजींनी टेकू दोन्ही हातांनी कवटाळला. "हळू घुसळ गं."