गादी समान दबावी म्हणून

लेटेक्सची गादी घरात आली तेव्हा बायकोने तिच्यावर चादर घातली आणि नवऱ्याने तिच्यासोबत आलेलं माहितीपत्रक वाचायला घेतलं. पुढे जे झालं त्यात गादीचा काही दोष नव्हता.

नवरा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. बत्तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासून त्याची अशी गत झाली होती, की काही एका बाजूला झुकलेलं दिसलं की घास घशाखाली उतरत नसे. माहितीपत्रकात लिहिलं होतं, गादी सगळीकडे समान दबली पाहिजे; दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायांकडे फिरवावी. तीन महिने भरले त्याच सकाळी त्याने बायकोला हाक मारली.

गादी सत्तर किलोची, आणि हातात धरली की मधेच लोंबायची.

"फिरव ना तुझ्या बाजूनं!"

"फिरव काय? हे काय रेडिओचं बटण आहे?"

गादी फिरली, पण बायकोच्या पाठीत उसण भरली. ती कण्हत बसली होती, तेवढ्यात निरीक्षकाने गादीवर आडवी दोरी ताणून मोजमाप घेतलं. तो झोपायचा तो भाग तीन मिलिमीटर जास्त दबलेला. कागदावर बेरजा-गुणाकार झाले.

"तू अठ्ठेचाळीस किलो, मी शहाऐंशी. मी आठ तास झोपतो. म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दबायला तुला रोज चौदा तास वीस मिनिटं झोपावं लागेल."

"आणि घरचं कोण करणार? गादी?"

"मग निदान कूस बदलताना तरी जरा जोर लावत जा."

बायकोने उशी उचलली. "पाठ बरी होईपर्यंत मी पलीकडच्या खोलीत जुन्या खाटेवर निजते," म्हणाली. पाठ चार दिवसांत बरी झाली. ती काही परत आली नाही.

एकतीस वर्षांत ती शेजारी नाही असं क्वचितच झालं होतं. निरीक्षकाचा डोळा लागेना. पण 'ये' असं सरळ म्हणायची त्याला सवय नव्हती. तो कारण दाखवायचा.

"अगं, डावी बाजू रिकामी राहतेय. गादीला बरं नाही ते."

"गादीला बरं नाही, तर गादीला डॉक्टर आणा."

मग त्याने वाळू आणली. कापडी पिशव्यांत भरली, काट्यावर तोलली, प्रत्येक पिशवीवर वजन लिहिलं आणि शहाऐंशी किलो वाळू डाव्या बाजूला मांडली: डोकं, धड, पाय. वरून बायकोची चादर. रोज झोपताना मांडायची आणि आठ तासांनी उचलायची, असा नियम केला. तिसऱ्याच दिवशी कंबर धरली, म्हणून पिशव्या तिथेच राहिल्या, आणि वजन सारखं व्हावं म्हणून तोही दिवसभर अधूनमधून आडवा होऊ लागला.

एकदा बायको बाजारात गेली असताना मेहुणा बहिणीच्या पाठीची चौकशी करायला आला. निरीक्षक न्हाणीघरात होता. मेहुणा थेट झोपायच्या खोलीत गेला आणि दहा मिनिटांनी पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला.

"भाऊजी, ताई बोलतच नाही माझ्याशी. तिची छत्री मीच हरवली, तेसुद्धा कबूल केलं. हूं नाही की चूं नाही. आणि ती एवढी सुजलीय कशानं?"

निरीक्षक डोकं पुसून समजावून सांगेपर्यंत मेहुण्याने फोनवरून सगळ्या नात्यात कळवूनही टाकलं होतं. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन परतली तेव्हा दारात चपलांचा ढीग.

"कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

"तू!" सगळे एकदम म्हणाले.

तिने आत जाऊन चादर ओढली. पिशव्यांवरचे आकडे वाचले.

"माझ्या जागी हे निजवलंत? आणि तेसुद्धा माझ्याहून अडतीस किलोंनी जाड?"

निरीक्षकाने कागद पुढे केला. तिने तो वाचलाही नाही.

पुढच्या आठवड्यात गादीच्या दुकानातला माणूस ठरलेल्या तपासणीला आला. निरीक्षकाने पिशव्या आधीच खाली उतरवल्या होत्या. त्याने पट्टी लावली, खाली वाकून बघितलं आणि हात जोडले.

"साहेब, नोकरीला लागल्यापासून एवढी समान दबलेली गादी पाहिली नाही. दुकानात लावायला फोटो हवाच. बाईंनाही बोलवा. दोघंही आपापल्या जागी आडवी व्हा."

"माझी जागा भरलीय," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तिचाच काढा."

निरीक्षकाने पिशव्या पुन्हा मांडून वर चादर घातली. माणसाला घाई होती. त्याने निरीक्षकाचा आणि चादरीखालच्या वाळूचा फोटो काढला. तो अजून दुकानात दर्शनी भागात आहे. खाली लिहिलंय, 'आमचे समाधानी दांपत्य.'

त्या दुपारी समाधानी नवरा उशी घेऊन पलीकडच्या खोलीच्या दारात उभा राहिला. बायको खाटेवर पडून होती.

"काय झालं? गादीला परत बरं नाही?"

"गादीचं उत्तम चाललंय," तो म्हणाला. मग त्याने उशी या काखेतून त्या काखेत घेतली. "मला झोप येत नाही."

ती सरकली. खाटेवरची जुनी गादी मधोमध अशी खोल गेली होती, की तो टेकताच दोघंही घरंगळून एकमेकांवर आदळली.

"ही तर नुसती मधेच दबलीय," तो सवयीने बोलून गेला. "उद्या फिरवूया का?"

"हात तर लावून बघा," बायको म्हणाली आणि डोळे मिटले.