शोधणाऱ्यानं उठलंच पाहिजे

कर्णिकसाहेब रस्त्यानं चालताना आडोसे मोजायचे. टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीतून त्यांच्याबरोबर बाजाराला निघालात, की भाजी राहायची बाजूला. "नाना, हा विजेचा खांब पाव माणूस झाकतो. ती पाण्याची टाकी पुरते दोन." किराणावाला मनुभाई समोरून आला की म्हणायचे, "याला मात्र अख्खी टाकीच लागेल."

साहेब सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. मुंबईचा माणूस, लग्न नाही, खोलीत एकटा. भाच्यानं परदेशातून एक इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा पाठवला होता. त्या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन 'मी आता हे करतो' म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. साहेबांनी सगळे नियम मराठीत एका लांब वहीत उतरवले होते. रविवारी दुपारी त्यांच्या गॅलरीत आम्ही तिघं बसायचो. गोष्ट साहेब सांगायचे; मनुभाई राजपुत्र, मी चोर. शाळा माझी चौथीपर्यंत, पण चोर माझ्याइतका कोणाला कळणार? राखोलीच्या सूतकारखान्यात मी बारा वर्षं पहारेकरी. माझ्या पाळीत सुताचं एक रीळ कधी गेटाबाहेर गेलं नाही.

भांडण झालं ते लपण्यावरून. माझा चोर कोठारात पोत्यांमागे बसला. हूं नाही की चूं नाही. तरी साहेब दर खेपेला पहारेकऱ्याच्या नावानं फासा टाकत. सहाव्या खेपेला वीस पडले.

"सापडला!"

"कसा सापडला? पहारेकरी उठलाच का?"

"शोधायला."

"संशय आल्याशिवाय कोणता पहारेकरी बूड हलवतो? मला शिकवता?"

"वहीत आहे, नाना. कोणी लपलं, तर शोधणाऱ्यानं दर खेपेला उठलंच पाहिजे."

मनुभाई कंटाळला. "काका, जवा दो ने, जाऊ द्या! खोटा चोर, खोटी पोती."

चोर खोटा असेल, पहारा माझा होता. मी सांगून टाकलं, नियम बदलेपर्यंत या गॅलरीत पाय ठेवणार नाही. तीन रविवार ठेवला नाही. दोघांत तो खेळ होत नाही. शेवटी साहेबच माझ्या दारात आले.

"सिद्ध करा. मग वहीत तुमचा शब्द."

सुट्टीच्या दिवशी मॅनेजरला विचारून त्यांना कारखान्यात नेलं. गेटापासून वीस पावलांवर खोकी रचलेली. मागच्या दारानं शिरून मी खोक्यांमागे बसलो. गेटावर भिवा होता, त्याला काही सांगितलं नव्हतं. साहेब त्याच्याशेजारी घड्याळ बघत बसले. तासाभरात भिवानं दोन चहा घेतले, तंबाखू मळली, बसल्या जागेवरून कुत्रं हाकललं. उठला नाही.

साहेबांनी तिथंच वही उघडली. जुना नियम खोडून लिहिलं, 'संशय आल्याशिवाय पहारेकरी उठत नाही', आणि खाली माझं नाव. नकाशावर गावांची नावं घालतात तसल्या वळणदार अक्षरात! चौथीवाल्याचं वाक्य नियमांत बसलं. मी भिवाला दोनदा दाखवलं.

"आता मी लपतो," म्हणून साहेब खोक्यांमागे गेले. मी भिवाजवळ बसलो. नियम आता माझा, उठायचं कारण नव्हतं. अर्धा तास झाला. साहेब काही बाहेर येईनात, तेव्हा बघायला गेलो. गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, केसांवर सुताचे तंतू.

"साहेब, निघा की!"

"कोणी येत नाही असंच वाटलं," ते म्हणाले. "लहानपणी मी फार चांगला लपायचो, नाना. पोरं कंटाळून आपापल्या घरी जेवायला जायची. मी दिवेलागणीपर्यंत बसायचो. वाटायचं, अजून शोधताहेत."

हसले आणि विजार झटकत उठले.

मी आजवर कोणापुढे माघार घेतलेली नाही, आमच्या मंडळींना विचारा. पुढच्या रविवारी वही मागितली आणि माझ्या वाक्यावर मीच काट मारली. नावासकट.

साहेब म्हणाले, "का हो? सिद्ध केलंत ना?"

"कारखान्यात माझंच खरं. इथं उठलंच पाहिजे. टाका फासा."

दुसऱ्याच खेपेला माझा चोर सापडला. साहेबांनी अशी आरोळी ठोकली की मनुभाईच्या बशीतला चहा सांडला. नोकरीत मी चोर पकडलेले पुष्कळ पाहिले. पण चोर सापडला म्हणून चोराच्या वतीनं इतका आनंदलेला माणूस तो एकच.