तात्यासाहेबांची पारख

जंगलखात्यात एकवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला अळंबी ओळखता येत नाही, असं घरचीच बायको म्हणाली तर डोकं फिरणार नाही? तात्यासाहेबांचं फिरलं. (नोकरीत त्यांनी जंगल पाहिलं ते फायलीतच, पण हे कुणी बोलायचं नाही.)

हर्सूलच्या डोंगराकडून ते सकाळीच पिशवीभर पांढरीशुभ्र अळंबी घेऊन आले होते. चिखल नको म्हणून बुडं तिथंच छाटलेली.

"बुडं कुठं हायेत?" आवडाबाईंनी विचारलं. "बुडाला पिशवी असती ती विषारी, माय सांगायची."

"लई शहाणी तुझी माय! शिजवताना चांदी घालू. काळी पडली तर विष. काढ जोडवं."

"नवरा जिता असताना जोडवी काढत नसत्यात."

"थोड्या वेळासाठी गं!"

"मग आधी तुम्हीच हे खा. जोडवी आपसूक निघतील."

या उर्मटपणाला काय म्हणावं? तात्यासाहेब इतके तणतणले की शेवटी आवडाबाईंनी जोडव्याच्या जागी बोटाला दोरा बांधला, देवाला हात जोडले, एक जोडवं राखेनं तीनदा घासलं आणि रटरटत्या भाजीत टाकलं.

अर्ध्या तासानं पळीनं काढलं. जसंच्या तसं, लखलखीत!

"बघ! लग्नात मी स्वतः पाचोडच्या बाजारात पारखून घेतलेली चांदी हाय ही. खोटं सांगायची नाय!"

एवढ्यावर थांबतील तर ते तात्यासाहेब कसले! बायको पुन्हा उलटू नये म्हणून साक्षीदार हवा. त्यांनी भिंतीपलीकडच्या मुख्तारभाईंना हाक मारली. त्यांचं शहागंजात चांदीच्या दागिन्यांचं दुकान होतं.

मुख्तारभाईंनी जोडवं तळहातावर तोललं, नखानं खरवडलं.

"तात्यासाब, ये काली कायकू पडेगी? ये तो गिलट है, चांदी नई."

"काय?"

"और असली रहती तो बी क्या बोलती? चांदी क्या डॉक्टर है? फेको वो सालन!"

भाजी परसात खड्डा करून पुरली. तात्यासाहेब पाचोडच्या त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? बावीस वर्षं फसवणूक!

आवडाबाई बोटाचा दोरा सोडत शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या. माझ्या बापानंबी जावई असाच पारखून घेतला होता."