पातोडीवरचा अभिप्राय

रविवारी संध्याकाळी नरहरराव गावंडे यांची बायको घर सोडून माहेरी गेली, तेव्हा ती त्यांच्याच शेजारी सोफ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. घर सोडून गेली ती टीव्हीवरची.

गावंड्यांचा एकुलता एक मुलगा आयुष पुण्यात कार्टून काढायचा. त्यानं काढलेली एक विनोदी मालिका दर रविवारी लागायची. तिच्यात एक कारकून काका आणि त्यांची काकू वीस मिनिटं भांडायचे आणि एकविसाव्या मिनिटाला गोड व्हायचे. काकांच्या मिशा नरहररावांच्या होत्या, काकूंचा चष्मा विमलताईंचा होता आणि भांडणं दोघांची समाईक. आईबापांनी शिकवलं-सवरलं, त्याचे पांग मुलानं असे फेडले होते.

या काकांच्या खिशात कायम एक रबरी शिक्का असे. काकूंनी भाजी वाढली, नवी साडी दाखवली, अंगात ताप आहे म्हणून सांगितलं, तरी काका त्यावर ‘ठीक’ असा शिक्का मारून मोकळे होत. हे फारच वाढवून दाखवलंय, असं नरहररावांचं मत होतं. सरकारी नोकरीत असूनही त्यांनी घरात कधी शिक्का वापरला नव्हता. तीस वर्षं ते तोंडानंच ‘ठीक’ म्हणत आले होते. विमलताईंनीही लग्नाच्या बाराव्या वर्षी विचारणं सोडून दिलं आणि तेव्हापासून पांढरकवड्यातल्या त्या घरात शांतता नांदत होती.

त्या रविवारी काकांनी पुरणपोळीवर शिक्का उमटवला आणि काकू पिशवी भरून निघून गेल्या. एकविसावं मिनिट आलंच नाही. प्रेक्षकांना आठवडाभर टांगणीला लावायचं, असं वाहिनीनं ठरवलं होतं.

टांगणीला लागले ते फुलसावंगीचे विठ्ठलराव, म्हणजे विमलताईंचे थोरले भाऊ. ते कपाशी-तुरीचे शेतकरी होतेच, पण त्याहून जास्त समेट घडवणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी इतके संसार सांधले होते, की ज्यांचे संसार धड होते ते त्यांना पाहून रस्ता बदलत. सोमवारी सकाळी भाड्याची जीप गावंड्यांच्या दाराशी उभी राहिली आणि तिच्यातून विठ्ठलराव आणि त्यांची बायको इंदूबाई उतरले.

हे नुसतं कार्टून आहे, असं विमलताईंनी देवाची शपथ घेऊन सांगितलं. विठ्ठलराव हसले.

“पोरगं कार्टून काहाडते ते काय पाहून काहाडते, बाई? घरात काहीतरी असंनच नं.”

बैठक बसली. तक्रार काय, असं विठ्ठलरावांनी बहिणीला विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. पण एवढ्या लांबून गाडी करून आलेल्या माणसाला ‘काहीच नाही’ परवडत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विमलताई म्हणाल्या, “तसं काही नाही, पण...” आणि तो ‘पण’ पाऊण तास चालला. त्यात नणंदेच्या लग्नातली हिरवी पैठणी होती, पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, आणि एकोणीस वर्षांपूर्वी रात्रभर जागून केलेले अनारसे होते. गंमत म्हणजे त्या रागावल्या नव्हत्या. त्या सगळं सालवार, क्रमानं सांगत होत्या, आणि त्यामुळेच नरहरराव मनापासून घाबरले. ही बाई खरंच जाऊ शकते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ती गेली तर या घरात आपल्याला पेपर आणि चष्मा सोडून काय सापडेल, याचा त्यांना काही अंदाज येईना.

विठ्ठलरावांनी बहिणीच्या नवऱ्याकडे वळून निकाल दिला. “जवाई, सोपं हाय. जेवताना कसं झालं, ते चांगले चार शब्द बोलत जा. सुरुवात आजच करा, आमच्या देखत.”

चार शब्द जुळवायला वेळ मिळावा म्हणून इंदूबाईंनी त्यांना दही आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला बाजारात पिटाळलं. नरहररावांनी जाता-येता दोन मसुदे मनात केले आणि दोन्ही नामंजूर केले.

परत आले तर पाटपाणी तयार होतं. विमलताईंनी वाढलं. पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा होता. नरहररावांनी पहिला घास घेतला आणि त्यांना मसुद्याची गरजच उरली नाही. शब्द आपसूक आले.

“खरं सांगतो दादा, लग्न झाल्यापासून अशी पातोडी या घरात झाली नाही. घास घेतला की कळते, करणाऱ्यानं जीव ओतला हाय. आजवर जे खाल्लं, ते नुसतं पोट भरणं होतं.”

विठ्ठलरावांचा घास हातातच राहिला. स्वयंपाकघराच्या दारात इंदूबाई आल्या, तोंडाला पदर लावून.

“खरंच काय जी? म्या तं घाईघाईत केली.”

तक्रारदार बाईनं चुलीपाशी जायचं नसतं, असं म्हणून इंदूबाईंनी ते बाजारात गेल्यावर नणंदेला पंख्याखाली बसवून ठेवलं होतं. हे नरहररावांना सांगायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

विमलताईंनी शांतपणे सगळ्यांना ताक वाढलं, भांडी आवरली, पिशवी भरली आणि जीपमध्ये मधल्या सीटवर जाऊन बसल्या.

“दादा, मी येतो तुमच्यासंग. कार्टूनातली बाई जाते, मी तं खरी हाओ.”

अशा रीतीनं समेट करायला आलेली गाडी भांडण घेऊन परत गेली. नरहररावांनी सल्ला मागायला आयुषला फोन केला, तर तो म्हणाला, “बाबा, ते पातोडीचं पुन्हा एकदा हळू सांगा, मी लिहून घेऊन राह्यलो.” तीन दिवस घर गप्प होतं. कुणी काही वाढत नव्हतं, त्यामुळे ‘ठीक’ म्हणायचीही सोय उरली नव्हती. त्यांना विमलताईंची आठवण येत होती, आणि ती चहापत्तीचा डबा सापडत नाही एवढ्यापुरती नव्हती.

गुरुवारी विमलताईंचा फोन आला. “तयार राहा. दादा आन मी गाडी घेऊन येऊन राह्यलो.”

“घरी येऊन राह्यली?”

“घरी कुठं? झरीला जाचं हाय. वहिनी माहेरी गेली.”

सोमवारपासून इंदूबाई प्रत्येक ताटाला नवऱ्याला विचारत होत्या, की जावयानं एका घासात एवढं सांगितलं, तुम्ही पस्तीस वर्षांत काय सांगितलं? पंचक्रोशीचे संसार सांधणारे विठ्ठलराव दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, की मीठ कमी हाय.

“मंग मी येऊन काय करू?” नरहररावांनी विचारलं.

“दादा म्हणते, जवायाले बोलता येते. तुमीच समजवा तिले.”

“आन तू? घरी येशीन नं मंग?”



“पयले वहिनीले आणू, मंग पाहू. आन एक ध्यानात ठेवा. तिथं जेवाले बसले, तं कसं झालं ते सांगाच्या आंधी, कोणं केलं ते मले इचारा.”

गाडी यायला अजून तीन तास होते. नरहरराव इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी जाऊन उभे राहिले.