गोव्याची मोहीम

रविवारी दुपारच्या जेवणाआधी गोवा घ्यायचा, हे मी शनिवारीच ठरवून टाकलं होतं. तयारीच तशी होती! कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात मी विजापूरचा आदिलशहा आणि काकतीचा नागेंद्र विजयनगरचा राया. इतिहासात हे दोघे एकमेकांच्या मुळावर उठलेले. आम्ही मात्र पोर्तुगिजांना हाकलायला तह केला होता. मी वडगावात माझ्या घरी बसून फौज हलवायची, त्यानं काकतीत त्याच्या घरी बसून हत्ती आणि धान्य पाठवायचं. घाटात गाठ पडली की मिळून खाली उतरायचं.

माझी फौज घाटात पोचली. हत्ती नाहीत, धान्य नाही. नकाशावर नागेंद्रचं सैन्य तुंगभद्रेकाठी बुजगावण्यासारखं उभं! फोन केला, उचलेना. माझे शिपाई उपाशी मरायला लागले, तसा मी मेसेजवर मेसेज टाकत सुटलो. 'शब्द फिरवलास.' 'तुझी राजधानी जाळतो.' शेवटी, 'थांब, फौज घेऊन येतोय!'

आई शेजारी मागाच्या कांड्या भरत बसली होती. नागेंद्रनं दगा दिला, माझी माणसं मारली, एवढंच तिनं ऐकलं. हा खेळ आहे हे सांगून सांगून मी दमलो. तिचं म्हणणं एकच, एवढा चांगला दोस्त, भांडण आत्ताच्या आत्ता मिटवायचं. तिनं मला स्कूटर काढायला लावली, खडेबाजारात थांबवून तोंड गोड करायला अर्धा किलो कुंदा घेतला, आणि आम्ही तह करायला काकतीला निघालो.

नागेंद्रच्या दारात माणसं जमली होती. अंगणात बांबू पडलेले, चुलीवर पाणी तापत होतं. त्याचे वडील गेले होते. वर्षभर अंथरुणाला खिळलेला माणूस, सकाळी चहा पिता पिता मान टाकली. आईनं कुंद्याचा डबा पदराखाली घेतला. 

तेवढ्यात नागेंद्रचे काका यल्लाप्पा पुढं आले. पाहुण्यांना कळवायला त्यांनी नागेंद्रचा फोन घेतला होता, आणि माझे सगळे मेसेज वाचले होते. मागं चार धिप्पाड भाऊबंद! कसली फौज, काय जाळणार, आणि असल्या दिवशी ही भाषा कशापायी, असं त्यांनी विचारलं. मयताच्या अंगणात उभं राहून, मी विजापूरचा आदिलशहा आहे, हे मला समजावून सांगावं लागलं. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

काकांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "फौज न्हाय तर न्हाय. तू आलायस न्हवं? खांद्याला ये."

मी आत गेलो, मागोमाग आई. नागेंद्र वडिलांच्या उशाशी बसला होता.  तोच हळू आवाजात म्हणाला, "शिवा, गोवा पडला काय रं?"

मी त्याच्या शेजारी टेकलो.

"आप्पा खाटेवरनं आपला खेळ बघायचा," तो म्हणाला. "सकाळी पण इचारलं, त्यो विणकराचा पोरगा घाट उतरला काय म्हणून. आज जिंकतो म्हणून सांगितलंतं मी."

घाटातली माझी फौज केव्हाच संपली होती.

"पडला," मी म्हणालो.

नागेंद्र वडिलांच्या कानाशी वाकला. "गोवा बित्तु, आप्पा." गोवा पडला, एवढंच त्यानं त्यांच्या कानडीत सांगितलं. सकाळपासून दाबून धरलेलं रडू मग त्याला आवरेना. आईनं डबा कुठंतरी ठेवला आणि त्याला जवळ घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर त्यानं कॉम्प्युटर लावला. मी शेजारीच होतो. गोव्यावर पोर्तुगिजांचं निशाण फडकत होतं. त्यानं ते पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"बरं केलंस," म्हणाला.

मग आम्ही पुन्हा फौज जमवली आणि त्याच घाटात उतरलो. या वेळी हत्ती वेळेवर आले, धान्यही आलं.

तरी हरलोच!