मोसंब्याच्या ग्रहावरचा हात

वाहिनीवाले साहेब, तुम्ही चोर आहात! आणि चोरलंत काय, तर एक मोसंबं. हसू नका. त्या मोसंब्यापायी एका घरातला टीव्ही भिंतीकडे तोंड करून बसलाय.

तुमच्या त्या जुन्या अंतराळ-मालिकेत सामान मांडायचं काम आमच्या इमारतीतल्या नानांकडे होतं. तेव्हा ते नाना नव्हते. तरणेबांड होते आणि तोंडाने त्याहून जोरात. पहिल्याच दिवशी यानाच्या खिडकीत टांगायचा प्लास्टरचा ग्रह पडून फुटला. दिग्दर्शक डोकं धरून बसले.

"ग्रहच ना?" नाना म्हणाले. "चहा निवायच्या आत आणतो!"

आणलं मोसंबं! काळ्या दोऱ्याने टांगलं, बाजूने दिवा मारला. "बघा, खड्डेसुद्धा तयार!"

मालिका धावली. पण दिव्यांच्या धगीने ग्रह घमघमू लागला आणि त्यात जेवण यायला उशीर! एका दुपारी कप्तानाने ग्रह सोलला.

"ग्रह कुठाय?" दिग्दर्शक किंचाळले.

"कुठला ग्रह?" म्हणत कप्तानाने बी थुंकली.

फळवाल्याकडे उरली होती संत्री. ग्रह तांबडा झाला! लेखकाने बिचाऱ्याने लिहिलं, शत्रूने ग्रहाला आग लावली. पुढच्या भागाला मिळालं लिंबू. म्हणे, ग्रह आजारी पडून आकसला. घरोघरी पोरं त्याच्यासाठी आसवं गाळत होती आणि इकडे कप्तान मीठ मागत होता!

मग मोसंबी पुन्हा आली, आणि ऐन युद्धाच्या प्रसंगात ग्रह गरगरायला लागला. नाना कॅमेऱ्यामागे अडकलेले. पडद्याआड कप्तानाच्या कोटाला बटणं लावत बसलेल्या शिलाईवाल्या बाईंनी हात घातला आणि ग्रह थांबवला. बोटात शिवणाचं टोपण, अख्खा हात चित्रात! पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तसंच दाखवलं. लोक म्हणाले, वा, काय कल्पना! विश्वाचा हात!

त्या संध्याकाळी नानांनी तोच ग्रह सोलून अर्धा बाईंपुढे धरला. "तुमच्याशिवाय माझं काही जागेवर राहायचं नाही."

"आधी बिया काढा," बाई म्हणाल्या. ठरलं लग्न!

मालिकेतला टाकान् टाका बाईंचा. नावांच्या यादीत नाव मात्र कधी आलं नाही. आला तो एवढा एक हात.

परवा तुम्ही ती मालिका 'नव्या झळाळीत' दाखवायला काढलीत. नानांनी अख्खी इमारत गोळा केली, नातीला मांडीवर घेतलं. "बघ हं, आता तुझी आजी विश्व थांबवणार!"

खिडकीत आला एक गुळगुळीत निळा गोळा. हलेना, डुलेना. हातबित काही नाही!

"नाना, फेकता मात्र झकास!" शेजारी खो खो हसले.

"आजी कुठाय?" नातीने विचारलं. आजी नुसत्या चष्मा पुसत बसल्या.

नानांनी तुमच्या कचेरीत फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "काका, जुन्या चुका काढून टाकल्यात."

"चूक? माझी बायको चूक?" नाना असे कडाडले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं पलंगाखाली गेलं. "अहो, तुमचं सगळं ब्रह्मांड तिने एका हाताने सावरलंय! ऐकताय ना?"

"अहो," आजी म्हणाल्या, "त्यांनी केव्हाच ठेवलाय."

मग त्यांनीच फोन हातात घेतला आणि त्या मुक्या फोनला शांतपणे विचारलं, "साहेब, कप्तानाच्या कोटाची बटणं अजून जागच्या जागी आहेत, मी पाहिली. ती लावणारा हात कुठे टाकलात, तेवढं सांगा."