तेजोमेघ, नग एकशे तीन

वेधशाळेच्या दारात टेम्पो भरून उभा होता, बायको ड्रायव्हरला दोऱ्या आवळायला सांगत होती, आणि आत कार्यालयात अचूकरावांचा निवृत्तीचा कागद तपासणीसांच्या कोपराखाली अडकला होता. कागदावर एक सही हवी होती, बाकी काही नाही. ती झाली की पेन्शन सुरू, क्वार्टरची किल्ली टेबलावर आणि दोघे थेट लेकीच्या गावी. लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलेच बाळंतपण, त्यात पोरगी भित्री, आणि 'आम्ही दोघंही वेळेवर येतो' असा शब्द अचूकरावांनी स्वतः दिला होता.

अचूकराव हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. वेधशाळेत निरीक्षक म्हणून उभा जन्म काढलेल्या या गृहस्थाला चूक दिसली की ती सुधारल्यावाचून घास उतरत नसे. कोणी सहज 'सूर्य उगवला' म्हटले तरी 'तसा तो उगवत नाही, आपण फिरतो' हे सांगून झाल्यावरच चहाचा कप तोंडाला लागे. शेजारीपाजारी त्यांच्याशी हवापाण्यावरसुद्धा जपून बोलत.

सगळे सामान जागेवर सापडले तरच सही होणार होती, आणि तपासणीसांचे बोट डेडस्टॉक रजिस्टरवरून, म्हणजे कार्यालयाच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीवरून, सरकत होते. खुर्च्या मिळाल्या, दुर्बिणी मिळाल्या, मोडका पंखा मोडक्या अवस्थेत मिळाला. मग बोट थांबले.

"तेजोमेघ आणि तारकागुच्छ, नग एकशे तीन. हे कुठल्या खोलीत आहेत?"

त्याचे असे झाले होते. फार पूर्वी दुर्बिणीबरोबर एका जुन्या यादीचे पुस्तक आले होते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी धूमकेतूंच्या मागे लागलेल्या एका ज्योतिर्विदाने आकाशातले जे जे धूसर ठिपके उगाच धूमकेतू वाटून फसवतात, त्यांची त्यात क्रमवार नोंद केली होती, जागांसकट. त्या वेळच्या भांडारपालाने रजिस्टरात 'पुस्तक, एक' असे लिहायचे सोडून पुस्तकात काय काय आहे ते मोजून चढवले. पुढे येणारा प्रत्येक जण मागच्याची सही बघून खाली सही ठोकत गेला. नोकरीच्या पहिल्या दिवशी अचूकरावांनीही न वाचता ठोकली होती.

"ते आकाशात आहेत," अचूकराव म्हणाले.

"म्हणजे आवाराबाहेर. बाहेर ठेवायला परवानगी कोणी दिली?"

"ते आधीपासून तिथंच आहेत."

"बरं, दाखवा मग."

"रात्री दिसतील."

"माझी ड्युटी संध्याकाळी संपते." तपासणीस तसे मनाने वाईट नव्हते. त्यांनी पेन उघडले. "हे बघा, आज तुमचा शेवटचा दिवस, बाहेर वहिनी खोळंबल्यात. मी कशाला अडवू? तुम्ही नुसतं हो म्हणा, मी खूण करतो. सगळे नग जागच्या जागी आहेत ना?"

हो म्हणायला असा किती वेळ लागतो? बायको दारात येऊन उभी होती, आणि तिने डोळे वटारून जे सांगायचे ते सांगितले होते. पण अचूकरावांच्या पोटात खरे राहत नसे.

"अठ्ठेचाळीस नंबरचा नाही," ते म्हणाले.

बायकोने कपाळाला हात लावला.

"नाही म्हणजे? चोरीला गेला?"

"तिथं नव्हताच कधी. यादीतल्या जागी बघितलं तर नुसता अंधार. मोजताना त्या ज्योतिर्विदाची चूक झाली असणार. तिथून थोडं खाली एक गुच्छ आहे, तोच हा असावा, असं जाणकार म्हणतात."

तपासणीसांचा चेहरा उजळला. "अहो, मग हरवला कुठे? भलत्या जागी ठेवलाय. आमच्याकडे हे रोजचंच. या खोलीतलं कपाट त्या खोलीत. जागेवर आणून ठेवा, मी सही करतो."

"आणून?"

"माणसं लागली तर तसं लिहून देतो."

"साहेब, तारकागुच्छ आहे तो. त्यातले कितीतरी तारे सूर्याहून मोठे."

"सामान जड आहे, कळलं. म्हणून तर माणसं म्हटलं."

"त्यापेक्षा यादीतली जागाच दुरुस्त करू या."

"रजिस्टरात खाडाखोड?" तपासणीसांनी जीभ चावली. "वस्तू हलवता येते हो, नोंद कशी हलवणार?"

मग दुसरे मार्ग निघाले. वस्तू निकामी म्हणून काढून टाकायची तर समिती बसवायची, आणि समितीने आधी ती डोळ्यांनी बघायची. नवीन आणून भरून द्यायची तर तीन दुकानांचे भाव मागवायचे. अचूकरावांच्या तोंडचे पाणी पळाले. इकडे आपण एका नसलेल्या गुच्छापायी बसून राहणार आणि तिकडे पोरगी दाराकडे डोळे लावून बसणार, या विचाराने त्यांना भरून आले.

शेवटी बायकोच पुढे झाली.

"साहेब, एक विचारू? यांची नोकरी आज संपते ना?"

"संपते."

"मग उद्या यांनी सरकारी वस्तूला हात लावला तर?"

"छे छे. गुन्हा होईल तो."

"आणि आज संध्याकाळपर्यंत काही तो गुच्छ हलायचा नाही."

"नाही बुवा. एवढं जड सामान."

"म्हणजे हलवणार ते नवे येणारे साहेबच. मग यांना इथं डांबून काय होणार आहे?"

तपासणीस खुर्चीत मागे रेलले. असा सरळ विचार त्या कार्यालयात बऱ्याच वर्षांत कोणी केला नव्हता. "सदर नग जागेवर आणण्याचे काम नूतन निरीक्षकांकडे," असे पुटपुटत त्यांनी शेरा लिहिला. "वहिनी, तुम्ही आमच्या खात्यात हव्या होतात."

त्यांनी निवृत्तीचा कागद पुढे ओढला. सहीचे पहिले अक्षर उमटले, दुसरे उमटले. लिहिता लिहिता, काहीतरी बोलायचे म्हणून ते म्हणाले, "बाकीचे एकशे दोन तरी जागच्या जागी आहेत, हे एक बरं झालं."

"आहेत, सगळे आहेत," बायको घाईघाईने म्हणाली.

 अचूकरावांनी खिडकीबाहेर बघितले, चष्मा पुसला, लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. खूप सोसले बिचाऱ्यांनी.

"तसं काटेकोर बोलायचं तर," ते म्हणाले, "पृथ्वीचा आस डुलतो. त्यामुळे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली एकही जागा आज जुळत नाही. एकशे दोनच्या एकशे दोन सरकलेत."

पेन थांबले.

"सगळे?"

"सगळे. आणि अजून सरकतायत."

तपासणीसांनी पेनाला टोपण लावले, अर्ध्या सहीचा कागद उचलून पुन्हा कोपराखाली घेतला आणि रजिस्टरचे पहिले पान उघडले. "बसा," ते म्हणाले. "एक नंबरपासून घेऊ या."

 बायको शांतपणे बाहेर गेली, पदर खोचून टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

"यांची तेवढी वळकटी खाली ठेवा," ती म्हणाली, "आणि चला आपण. पोरीकडे वेळेवर पोचायला हवं."